खंड्याची समाधी

साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना भेटतात. हे संगम माहुली. काठाला काळ्या पाषाणाची देवळे, पाण्यात उतरणारे घाट आणि राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या. १७४९ साली निवर्तलेल्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथेच आहे, आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही! शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्याने धन्याचा जीव वाचविला, अशी कथा सांगतात. महाराजांनी मग त्याला पालखीचा मान दिला म्हणे.

दगडी खंड्यासमोर आमची धाकटी बराच वेळ उभी होती. आमचा मोत्या त्याच आषाढात गेला होता. परसात, पेरूच्या झाडापलीकडे त्याला पुरले होते.

"बाबा, मोत्याने कुणाला वाघापासून वाचवलं नव्हतं. मग त्याची समाधी केली तर चालेल का?"

मी इतिहासात उत्तर शोधू लागलो. तेवढ्यात हिची आई म्हणाली, "अगं, शाळा सुटायच्या वेळेला रोज फाटकाशी कोण बसायचं? तेवढं पुरे की!"

परतताना आम्ही प्राजक्ताचे एक रोप घेतले. मोत्याच्या जागी ते लावले आणि बुंध्याशी कृष्णाकाठचा एक गोटा ठेवला. नाव कोरले नाही. यंदा श्रावणात प्राजक्त प्रथमच फुलला. सकाळी खाली सडा पडतो आणि फुले वेचायला घरातले लहानथोर सगळेच तिथे वाकतात. आजीसुद्धा! एवढ्याशा कुत्र्याचे कसले स्मारक, असे म्हणणारी तीच होती.