आई, तू जरा लांब उभी राहा!

वॉटर्लू स्टेशनातून बाहेर पडायचं आणि थेम्सच्या दिशेनं पाच-सात मिनिटं चालायचं. नदीकाठ आला की कान टवकारायचे. काँक्रीटवर चाकांची घरघर, मग एकदम 'ठाक्', क्षणभर शांतता आणि पुन्हा घरघर. पाव शतकानंतर आले होते, पण मला नकाशा लागलाच नाही!

"आई, इथे? या बिल्डिंगच्या खाली?" माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा चेहरा पडला. तिनं यूट्यूबवर कॅलिफोर्नियातले चकाचक स्केटपार्क पाहिलेले. आणि इथे काय, तर करड्या काँक्रीटचं तळघरासारखं काहीतरी आणि भिंतींवर ग्राफिटीचे थरावर थर.

"हो बाई, इथेच."

हे साउथबँकचं अंडरक्रॉफ्ट. क्वीन एलिझाबेथ हॉल हा कॉन्सर्ट हॉल १९६७ साली सुरू झाला, त्याच्या पोटाखालची ही मोकळी जागा. उतार, पायऱ्या, छत्रीसारखे खांब... या सगळ्याचं करायचं काय, हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बोर्ड घेऊन आलेल्या पोरांना बरोब्बर कळलं. स्केटबोर्डिंग जन्मलं कॅलिफोर्नियात, समुद्राला लाटा नसल्या की सर्फिंगवाल्यांना करमेना म्हणून. लंडनच्या पोरांना लाटा मिळाल्या त्या काँक्रीटच्या. वर छप्पर, म्हणजे पावसाचीही चिंता नाही. वरच्या मजल्यावर व्हायोलिन, खालच्या मजल्यावर चाकं!

'लायब्ररीत जाते गं!'

बाबांचं पोस्टिंग लंडनला झालं तेव्हा, १९९५ साली, मी तेरा वर्षांची होते. वर्गातल्या मैत्रिणीच्या भावानं नवा बोर्ड घेतला आणि जुना मला दिला. मग काय, दर शनिवारी "लायब्ररीत जाते गं" असं आईला सांगायचं आणि इथे यायचं. अंडरक्रॉफ्टच्या एका कोपऱ्यात छोटे उतार होते, नवशिक्यांसाठी अगदी परफेक्ट. तिथेच मी पहिल्यांदा उभी राहिले आणि तिथेच १९९७ साली डावं मनगट मोडून घेतलं. लायब्ररीत मनगट कसं मोडलं, हे आईनं विचारलं नाही. तिनं फक्त बोर्ड उचलला आणि कपाटावर ठेवला.

पुढचं नेहमीचंच. पुण्याला परत, बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, होम लोन. बोर्ड सामानाबरोबर आला आणि माळ्यावर गेला. तिथून तो खाली आला गेल्या वर्षी, दिवाळीच्या साफसफाईत.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तुझं??" लेकीच्या त्या दोन प्रश्नचिन्हांत माझं अख्खं पालकत्व आलं बघा. ही बाई कधी काळी डब्याखेरीज आणखी काही करत होती तर!

लाकूड शाबूत होतं. मेपलचे सात थर चिकटवून बोर्ड बनतो, सहजासहजी दगा देत नाही. चाकं मात्र पिवळी पडलेली आणि बेअरिंग जाम. चाकं चार, प्रत्येकात दोन, अशी आठ बेअरिंग बदलली. हेल्मेट, नी-पॅड, मनगटाचे गार्ड आणले (मनगटाचे आधी!) आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिकवणी सुरू झाली. पहिला प्रश्न, कुठला पाय पुढे? सोपा फंडा सांगते. गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरताना आपण नकळत जो पाय पुढे टाकतो, बहुतेकदा तोच. डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. आमची कन्या गूफी निघाली.

पण सहा महिने झाले तरी गाडी पुढे सरकेना. ती बोर्डवर उभी, मी शेजारून चालतेय आणि तिचा हात माझ्या हातात. हात सोडला की ती उतरायची. मला वाटायचं, घाबरते बिचारी.

शेजारच्या काकांचा प्रश्न ठरलेला, "यात स्कोप काय?" त्यांना मी सांगायचे, २०२१ साली टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी मोमिजी निशिया तेरा वर्षांची होती. २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तर आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्ण मिळवलं. काका गप्प व्हायचे. मी मात्र लेकीचा हात धरूनच असायचे.

जागा वाचली, म्हणून...

यंदा ऑफिसचं चार दिवसांचं काम लंडनला निघालं. जोडून सुट्टी टाकली, लेकीला बरोबर घेतलं आणि बोर्ड बॅगेत कोंबला. मनात धाकधूक होती, आपला कोपरा असेल का? कारण २००४-०५च्या सुमारास अंडरक्रॉफ्टचा बराच भाग बंद झाला होता आणि माझे ते छोटे उतारही त्यातच गेले होते. २०१३ साली तर १२ कोटी पाउंडांची नवी योजना जाहीर झाली. खाली दुकानं-रेस्टॉरंट्स येणार आणि स्केटर्सनी जवळच्याच हंगरफर्ड पुलाखाली नव्या जागेत जायचं. पोरांनी टेबल मांडून सह्या गोळा केल्या, हरकतींचा पाऊस पाडला. 'नवी जागा देतोय ना?' या प्रश्नावर त्यांचं म्हणणं एवढंच, की ही जागा कुणी आम्हाला दिली नव्हती, आम्ही ती शोधली होती. २०१४ साली योजना बारगळली आणि अंडरक्रॉफ्ट कायम राहील असा करार झाला. मग बंद पडलेला भाग पुन्हा उघडण्यासाठी ७ लाख ९० हजार पाउंडांची वर्गणी मोहीम निघाली आणि जुलै २०१९मध्ये तो खुला झाला. माझ्या छोट्या उतारांसकट!

तर त्याच उतारावर लेक उभी आणि तिचा हात माझ्या हातात. तेवढ्यात सतरा-अठराची एक मुलगी आली. तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं, हसली आणि लेकीला म्हणाली, आधी पडायला शिक. गुडघे वाकव, अंग सैल सोड, हात टेकू नकोस, खांद्यावरून लोळ. तिनं स्वतः तीनदा पडून दाखवलं. लेक खिदळायला लागली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली,

"आई, तू जरा लांब उभी राहा ना."

मी रेलिंगच्या बाहेर आले. टुरिस्ट उभे राहतात तिथे. ती पडली, उठली, पुन्हा पडली. दर वेळी माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जात होता. पाचव्यांदा ती उतारावरून सुटली, डगमगली, दोन्ही हात विमानासारखे पसरले आणि खाली सपाटीवर येऊन थांबली. बोर्डवरच! आजूबाजूच्या तीन-चार जणांनी आपापले बोर्ड जमिनीवर आपटले. इथल्या टाळ्या अशाच असतात. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्या मुलीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

सहा महिने घाबरत कोण होतं, ते तेव्हा कळलं.

रात्री आईला पुण्याला फोन लावला.

"पडली का?"

"पडली."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"खोटं नको बोलूस. मोजलं असणारच."

"चार वेळा," मी म्हटलं.

थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाली, "तू लायब्ररीत जायचीस ना, तेव्हा मी एकदा बघायला आले होते. रेलिंगपाशी उभी होते. तू मजेत होतीस, म्हणून तशीच परत गेले."

जाणार असाल तर...

- वॉटर्लू स्टेशन सगळ्यात जवळचं. एम्बँकमेंट स्टेशनला उतरून पादचारी पुलावरून नदी ओलांडत आलात, तर नजाराही मिळतो.
- तिकीट नाही. नवशिक्यांनी सकाळी लवकर गेलेलं बरं.
- मुलांना सपाट तळव्याचे बूट घाला. हेल्मेट आणि गार्ड इथूनच न्या.
- शेजारी वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. मुलं स्केटिंग करत असताना आई-बाबांनी कुठे जायचं, हा प्रश्न सुटला!