अम्मीचा रिपोर्ट

सकाळी सात वाजता बेल वाजली. अम्मी फजरची नमाज पढून, हातात तसबीह घेऊन पलंगावर टेकली होती. दारात लॅबचा मुलगा उभा होता. खांद्याला पेटी, काखेत हेल्मेट, चार जिने चढून आल्यामुळे धाप लागलेली. कळव्यात आमच्यासारख्या लिफ्ट नसलेल्या इमारती अजून पुष्कळ आहेत. पूर्वी रक्त तपासायचे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला हे जिने उतरवा, रिक्षात घाला, नाक्यावर न्या, पुन्हा चढवा. आता फोन केला की लॅबच घरी येते आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. आम्हा तिघा भावंडांना याचे भारी कौतुक.

२०२३ चा रमजान चालू होता. अम्मीच्या अंगात तीन दिवसांपासून कणकण होती. खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, पोटाची तक्रार नाही. नेहमीचे डॉक्टर उमराहला गेलेले. तेव्हा काय तपासायचे ते आम्हीच ठरवले. करोनाने २०२० साली घराघरांतून जे अर्धे डॉक्टर तयार केले, त्यांतले आम्ही तिघे. तोवर आमच्या घरात ताप म्हणजे थर्मामीटर एवढेच होते. त्या वर्षी ऑक्सिमीटर आला, आणि त्याच्या मागोमाग सीआरपी हा शब्द. मुंब्र्याच्या खालापासून महाडच्या मामूंपर्यंत सगळे फोनवर एकमेकांना विचारायचे, "सीआरपी किती आला?"

"रगत काढल्यावर रोजा राहील ना रे?" अम्मीने विचारले.

"तपासणीला रक्त दिल्यानं रोजा तुटत नाही, अम्मी. पण आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, हेही तेवढंच खरं," थोरला म्हणाला.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग तिने ऐकलाच नाही. मुलाने दंडाला रबराचा पट्टा बांधला, दोन नळ्या भरल्या आणि तो निघून गेला. अम्मी लगेच उठली आणि मोरीत जाऊन नव्याने वजू करू लागली. आम्हा शाफईंमध्ये रक्त निघाल्याने वजू जात नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक. तरी ती उठली, आणि मोरीचे दार तिने आतून लावून घेतले. त्या लावलेल्या दाराचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नाही.

इफ्तारच्या वेळी रिपोर्ट आला. सीआरपी ८.४. आम्ही कपाटातून करोनाच्या वेळची फाइल काढली. त्या रिपोर्टात सहापर्यंत ठीक, असे छापलेले. म्हणजे दोन-अडीचनेच वाढला. पांढऱ्या पेशीही थोड्या जास्त. आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'हाय' होते, पण अम्मीच्या साखरेपुढे तर गेली पंधरा वर्षे तेच छापून येते. "व्हायरल असेल," आम्ही एकमेकांना सांगितले, तापाची गोळी दिली आणि तरावीहला गेलो.

अब्बांच्या वेळी सीआरपी नव्हता, ईएसआर होता. अब्बा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत पाळीवर जायचे. १९९६ साली त्यांचे दुखणे सुरू झाले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. लॅबवाल्या काकांनी त्यांचे रक्त एका उभ्या, बारीक काचेच्या नळीत भरून ठेवले होते, ते आम्ही बाकड्यावर बसून पाहिले होते. तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजायचे. शरीरात कुठे दाह असेल तर पेशी एकमेकींना चिकटून चवडी लावतात आणि भरभर खाली जातात. आम्हाला ती नळी म्हणजे जादू वाटली होती. अब्बांचे रक्त फार भरभर खाली बसले. त्यांनाही साखर होती. पायाच्या एका बोटापासून सुरू झाले, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. वर्षाच्या आत ते गेले.

सीआरपी ही त्याच घराण्यातली, पण अधिक चपळ तपासणी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस हे दोन डॉक्टर न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूंमधल्या 'सी' नावाच्या अंशाला चिकटणारा एक पदार्थ त्यांना त्या रक्तात सापडला. रुग्ण बरा झाला की तो नाहीसा होई. हे प्रथिन आपले यकृत तयार करते. शरीरात कुठेही जंतू शिरोत, मार लागो, सांधे सुजोत, निरोप यकृतापर्यंत पोचतो आणि काही तासांतच रक्तातले हे प्रथिन वाढू लागते. आग विझली की साधारण एकोणीस तासांत ते निम्म्यावर येते. ईएसआर मात्र उतरायला आठवडे घेतो.

पण एक गोष्ट या दोन्ही तपासण्या सांगत नाहीत. आग लागली आहे एवढे त्या सांगतात. कुठे लागली, कशाने लागली, ते सांगत नाहीत. ते माणसानेच शोधायचे. युनानीत सुजेला वरम म्हणतात. तिच्या खुणा पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने नोंदवून ठेवल्या आहेत : लाली, सूज, ऊब आणि वेदना. या चार खुणा पाहायला रक्त लागत नाही, डोळे आणि हात लागतात. आमच्याकडे डोळे होते सहा. सहाही मोबाइलवर.

चौथ्या दिवशी असरच्या वेळी धाकट्याची सात वर्षांची मुलगी मोरीत शिरली. दाराची कडी त्या दिवशी नीट बसली नव्हती. ती धावत बाहेर आली आणि म्हणाली, "दादीच्या पायाचं बोट काळं झालंय."

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्यामध्ये चीर होती. करंगळी काळपट, पाऊल वरपर्यंत लाल, हात लावला तर गरम. लाली होती, सूज होती, ऊब होती. चौथी खूण तेवढी नव्हती. "दुखत नाय रे," अम्मी म्हणाली, आणि ते खरे होते. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही. जिथे दुखायला हवे तिथे दुखत नव्हते, हाच तिचा आजार होता.

त्याच संध्याकाळी आम्ही ठाण्याला एका सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी पाऊल पाहिले, मग मोबाइल मागितला. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"हा रिपोर्ट कधीचा?"

"तीन दिवस झाले. थोडाच वाढलाय ना, डॉक्टर?"

"हा डेसिलिटरमधला आकडा आहे. लिटरमध्ये म्हटलं तर चौऱ्याऐंशी."

आम्ही ज्या जुन्या कागदाशी ताळा केला होता, तो दुसऱ्या लॅबचा होता. तिथे मोजमाप लिटरमागे मिलिग्रॅम, इथे डेसिलिटरमागे. दहापटीचा फरक. नव्या रिपोर्टात आकड्याशेजारी एकक छापलेले होते, त्याच्या पुढे 'अर्ध्यापेक्षा कमी हवे' हेही छापलेले होते. लॅबने काहीच लपवले नव्हते. आम्ही ती ओळ अर्धीच वाचली होती. रुपये आणि पैसे यांत आमची अशी गल्लत कधी झाली नसती.

करंगळी काढावी लागली. पाऊल वाचले. तीन दिवस आधी आलो असतो तर करंगळीही वाचली असती का, हे आम्ही सर्जनना विचारले. ते म्हणाले, "आता पुढचं बघा." ऑपरेशननंतर आकडा उतरत गेला, चौऱ्याऐंशीवरून चाळीस, मग बारा. या वेळी प्रत्येक आकड्याचे एकक आम्ही मोठ्याने वाचत होतो. ती तपासणी वाईट नाही, हे तेव्हाच कळले. औषध लागू पडते आहे, हे तिनेच आम्हाला रोज सांगितले. ब्रिटनमध्ये २०१४ साली 'नाइस' या संस्थेने खोकल्या-तापाच्या रुग्णाला न्यूमोनियासाठी प्रतिजैविक द्यायचे की नाही हे ठरवताना बोट टोचून सीआरपी पाहावा, असे डॉक्टरांना सुचवले होते. पण तिथेही आकडा बघणारा डॉक्टर आधी रुग्णाला तपासून झालेला असतो.

घरी आणल्यावर बहिणीने एका रात्री तिला विचारले, "किती दिवस होतं हे, अम्मी?"

"शाबानपासून."

"मग बोलली का नाहीस?"

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमच्या अब्बांचंही बोटापासूनच सुरू झालं होतं. म्हटलं, रमजान तरी निघू दे. ईद झाल्यावर काय कापायचं ते कापा."

सत्तावीस वर्षे तिच्या मनात ते बोट होते आणि आम्ही तिला रक्ताच्या नळीत शोधत होतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाचा यात काहीच दोष नाही. तो दहा मिनिटांसाठी येतो. आम्ही तर तिच्यासोबत राहतो.

पुढे डॉक्टरांनी चीर कशी पडली असेल तेही समजावले. दिवसातून पाच वेळा बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवायचे आणि ते तसेच राहू द्यायचे. ओल राहिली की बुरशी येते, कातडी फाटते, तिथून जंतू शिरतात. वजूचा यात दोष नाही, तो न पुसण्याचा आहे. आता मोरीच्या दाराशी खुंटीला एक मऊ सुती फडके टांगलेले असते, फक्त अम्मीच्या पायांसाठी. ज्यांच्या घरी साखरेचे म्हातारे माणूस आहे त्यांनी असे फडके आजच टांगावे, आणि रिपोर्टातला आकडा वाचताना त्याच्या शेजारचे बारीक अक्षरही वाचावे.

मोरीची कडी आम्ही काढून टाकली. अम्मी दोन दिवस बोलली नाही. आता रोज रात्री इशानंतर ती पलंगावर पाय सोडून बसते आणि आमच्यापैकी कुणीतरी खाली बसून तिचे पाय बघतो : तळवे, टाचा, एकेक बेचके. "नऊच तर राहिलीत, मोजायला काय वेळ लागतो?" ती म्हणते. नात शेजारी बसून मोबाइलचा उजेड धरते.