खजुरीचा ओला कोनाडा

पुण्यात गेको (पालीचा एक प्रकार) पाळायचा तर त्याच्या पेटीत इथले ऋतूही शिरतात, हे आधी धरून चालावं लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. माझी खजुरी आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या जाड शेपटीच्या जातीची. पैदास करणाऱ्याकडेच जन्मलेली. ही जात दिवसभर बिळात, दगडाखाली दडून राहते आणि रात्री बाहेर पडते. बाहेरचं गवत वाळलेलं असलं तरी त्या बिळात ओल असते. पेटीत ती ओल आपल्याला करून द्यावी लागते. अशा ओल्या जागेला पाळणारे ‘ह्युमिड हाइड’ म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव ‘ओला कोनाडा’.

त्याची गरज कात टाकताना कळते. आधी खजुरीचा तपकिरी रंग पांढुरका पडतो. जुन्या कातडीखाली नवी तयार होते, दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव येतो आणि जुनी सुटते. मग ती आपली कात स्वतःच खाऊन टाकते. हवा कोरडी असली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि बोटांवर उरलेलं कडं वाळून आवळत जातं. रक्त पोचेनासं झालं तर बोट गळून पडतं. एका उन्हाळ्यात तिच्या मागच्या पायावर असं कडं दिसलं. कोमट, उथळ पाण्यात तिला थोडा वेळ बसवून ओल्या कापसाने ते सोडवलं. बोट वाचलं. त्यानंतर कोनाड्यात काय भरायचं, हा माझ्यासाठी काळजीचा आणि अभ्यासाचा विषय झाला.

ऑर्किडवाले वापरतात ते स्फॅग्नम शेवाळ मी आधी आणलं. त्याच्या पानांत मेलेल्या, पोकळ, छिद्रं असलेल्या पेशी असतात. त्यांत पाणी साठतं. वाळलेलं शेवाळ स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी शोषतं. ते आम्लधर्मी असल्याने त्यात लवकर कुजही होत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जखमांवर त्याच्या पट्ट्या बांधत, त्या याच गुणांमुळे. मात्र सजावटीचं, हिरवा रंग दिलेलं शेवाळ घेऊ नये. भिजलं की रंग सुटतो.

कोकोपीट उरुळी कांचनच्या रोपवाटिकांपासून कोपऱ्यावरच्या नर्सरीपर्यंत सगळीकडे मिळतं. नारळाच्या काथ्याचा हा भुसा स्वस्त आहे, ओलही चांगली धरतो. पण त्यात क्षार असू शकतात, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्यावा लागतो. खत किंवा परलाइट मिसळलेली कुंडीची माती मुळीच चालत नाही. भुशाचे बारीक कण किड्याला चिकटून पोटात जातात, म्हणून खजुरीचं खाणं मी कोनाड्यापासून लांब, ताटलीत देते. टिश्यू पेपर स्वच्छ आणि रोज बदलता येणारा. जनावर आजारी असेल तर तोच बरा, कारण विष्ठा लगेच दिसते. मेमध्ये मात्र तो दुपारपर्यंत वाळून कडकडीत होतो. स्पंज मी टाळते. त्यात जंतू साचतात, वास येतो.

किती पाणी मावतं एवढंच पाहून माध्यम निवडलं तर पुण्यात फसगत होते. ते पाणी हवेला किती वेगाने देतं आणि आपण ठेवलेलं भांडं ते किती जाऊ देतं, हेही पाहावं लागतं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेलं मातीचं मडकं मला दिसायला फार आवडलं. पण बिनझिलईच्या भाजलेल्या मातीची भिंत शेवाळातली ओल ओढून घेते आणि माठासारखी गारही होते. उन्हाळ्यात तिथे शेवाळ लवकर सुकतं, थंडीत आतली ऊब जाते. म्हणून त्या दोन्ही ऋतूंत झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा, खाली कोकोपीट, वर शेवाळ, आणि डबा पेटीच्या उबदार बाजूला. पावसाळ्यात डब्याऐवजी मडकं वापरात येतं, थर पातळ होतो, पाणी जवळजवळ बंद होतं, आणि बुरशीचा ठिपका दिसला की सगळं बदलायचं. मूठभर शेवाळ दाबल्यावर थेंब गळू नये, तळहात ओलसर व्हावा, एवढी ओल पुरे. आत हायग्रोमीटर ७० ते ८० टक्के दाखवतो.

स्फॅग्नम दलदलीत फार हळू वाढतं, त्यामुळे मी ते मोजकंच घेते, उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा वापरते. जिथे भुशाने भागतं तिथे नारळाचाच भुसा.

या कोनाड्याने मला आपल्या माळरानाकडे पाहायला शिकवलं. खजुरीच्याच कुळातला, ठिपक्यांचा जंगली गेको महाराष्ट्राच्या कोरड्या, खडकाळ भागात राहतो. तो पाळायचा प्राणी नाही. त्याला घरी आणू नये. त्याला लागणारी ओल दगडाखालच्या हातभर जागेत असते, आणि दगड उलटून तसाच टाकला की ती ऊन लागून संपते. म्हणून माझ्याबरोबर टेकडीवर येणाऱ्या मुलांना मी आधीच सांगते, दगड उचलायचे नाहीत. चुकून हललाच, तर होता तसाच, त्याच खळग्यात परत बसवायचा.