मुली ३

काकांच्या वहीत अकराव्या पानावर पणजोबांच्या नावाखालून दोन रेघा निघतात. एकीच्या टोकाला माझे आजोबा, दुसरीच्या टोकाला त्यांचे धाकटे भाऊ. शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मुली ३’. नावं नाहीत.

हे पान मी कितीदा तरी पाहिलं होतं. काका गेल्यावर वही माझ्याकडे आली आणि मी ती इंटरनेटवरच्या वंशावळीच्या एका मोफत सेवेत भरली. तेव्हाही ‘मुली ३’ ही ओळ पणजोबांच्या टिपेत जशीच्या तशी टाकून मी पुढे गेले होते. गेल्या दिवाळीत त्या सेवेने कळवलं की सहा महिन्यांनी ती बंद होणार, तोवर ज्याने त्याने आपली माहिती उतरवून घ्यावी. असं होतं. अँसेस्ट्री या मोठ्या अमेरिकी कंपनीनेही २०१४ मध्ये ‘मायफॅमिली’ आणि ‘मंडिया’ या आपल्या दोन सेवा बंद केल्या होत्या. तरी माझ्या पोटात गोळा आला. २१४ माणसं एकेक करून बसवली होती, ती सगळी उचलून दुसरीकडे न्यायची होती.

आमच्या वाळवा तालुक्यात वंशावळ सांभाळायचं काम पूर्वी हेळवी करायचे. सुगी आटोपली की बैलावर बसून हेळवी यायचा. ओसरीवर घोंगडं अंथरलं जायचं. फडक्यात बांधलेली वही सोडून तो मूळ पुरुषापासून जो सुरू व्हायचा, तो सलग पाळण्यातल्या पोरापर्यंत यायचा. त्याची मराठी कानडी वळणाची; त्याच्या तोंडून आजोबांचं नाव ऐकताना ते दुसरेच कुणी वाटायचे. वाचन झालं की नव्या जन्मांची नोंद व्हायची आणि पायलीभर जोंधळे त्याच्या झोळीत पडायचे. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा शेवटपर्यंत बसून राहिले, माझं नाव येईल म्हणून. धाकट्या भावाचं आलं, माझं आलं नाही. आजी म्हणाली, “तुझं नाव तुझ्या सासरच्या वहीत लागंल, बाळ.” मग आजीचं नाव आमच्या वहीत आहे का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. नव्हतं.

काकांनी आपली वही हेळव्याच्या वहीवरूनच उतरवली. पण सुनांची नावं आणि त्यांच्या माहेरची गावं घालायला सुरुवात त्यांनी केली, आणि कुठली गोष्ट कुणाकडून ऐकली तेही ते लिहीत. दहावी शिकलेल्या शेतकऱ्याने हे आपल्या बुद्धीने केलं, याचं मला फार मोल वाटतं.

एका सेवेतून दुसऱ्या सेवेत वंशावळ न्यायची ती जेडकॉम नावाच्या फाइलीतून. ही पद्धत १९८४ मध्ये लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाने बसवली. युटामधलं सॉल्ट लेक सिटी हे त्यांचं मुख्य ठाणं. मेलेल्या पूर्वजांसाठीही धर्मविधी करता येतात अशी त्यांची श्रद्धा आहे आणि त्यासाठी नाव लागतं. म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदींच्या फिल्म काढल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. पितरांना पाणी द्यायचं तर आपणही तीन पिढ्यांची नावं घेतोच.

फाइल उघडून पाहिली तर साधा मजकूर. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, त्याखाली नाव, जन्म, मृत्यू, गाव. आणि नवरा, बायको, मूल एवढ्या तीन खुणांनी सगळं घराणं एकमेकांत ओवलेलं. फोटो या फाइलीत येत नाहीत, नुसते त्यांचे पत्ते येतात. ते मी आधीच वेगळे उतरवून घेतले. पहिल्या खेपेला अक्षरांची निवड चुकली आणि नव्या जागी माझ्या सगळ्या माणसांची प्रश्नचिन्हं झाली. यूटीएफ-८ निवडून पुन्हा केलं तेव्हा देवनागरी आली.

मग जुन्या-नव्याचा ताळा घ्यायला बसले. त्यात पाच महिने गेले. आमच्या गावात १९३० साली जन्मलेला माणूस सातारा जिल्ह्यातला, १९५२ सालचा दक्षिण साताऱ्यातला आणि १९६५ सालचा सांगलीतला. गाव जागचं हललं नाही. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं, एवढंच. नव्या सेवेने तिघांनाही सांगलीत टाकलं. आजीचं माहेर बोरगाव, ते आमच्याच तालुक्यातलं. सेवेने ते अकोल्याजवळचं बोरगाव मंजू ठरवलं. काकांनी ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असं लिहिलेलं मरण तारखेच्या रकान्यात बसेना. आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे एक पिढी सोडून तीच दोन नावं उलटसुलट येतात. ही दोन माणसं एकच आहेत का, असं विचारून सेवा आजोबा-नातवाला एक करायला निघाली होती. एकेक नोंद वहीशी लावून मी दुरुस्त केली. कंटाळा आला नाही. भरताना मी नुसती टंकत गेले होते. वाचलं ते आत्ता.

पणजोबांपाशी आले तर टीप गायब. ती फाइलीत होती, नव्या जागी उतरली नव्हती. पुन्हा टंकायला एक मिनिट पुरलं असतं. पण नव्या सेवेत प्रत्येक अपत्याला आपली चौकट लागते, ‘मुली ३’ अशी चौकट नसते. मी पणजोबांखाली तीन रिकाम्या चौकटी काढल्या. आजोबा पाच भावंडांतले होते हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा भावकीतले किती तरी जण ही वही मागायला आले होते. जातीच्या दाखल्याला बापाकडची साखळी लागते. सगळ्यांनी तेवढी उतरवून घेतली. समास कुणी वाचला नाही, मीही नाही.

पणजोबा १९६१ साली वारले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचं मरण, म्हणजे वारसांत मुली असणारच. तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज केला. पिवळट कागदाची झेरॉक्स हातात आली. मयताचे वारस : मुलगे २, मुली २. आणि खाली दोघींची नावं, नवऱ्याच्या नावासह, सासरच्या गावासह. त्यांची नातवंडं हयात आहेत म्हणून ती इथे छापत नाही, पण मी ती त्या कक्षातल्या बाकावर बसून मोठ्याने वाचली. चार महिन्यांनंतरचा दुसरा फेरफार हक्कसोडाचा. बहिणींनी भावांच्या लाभात राजीखुशीने हक्क सोडला, सबब नावे कमी केली. जुन्या हस्तलिखित सातबारावर त्या दोन नावांना कंस आहे. त्यांच्या माहेरच्या कागदांवर त्या दोघी एवढ्याच उरल्या आहेत, चार महिने. पण त्या चार महिन्यांवरून मला दोन गावं मिळाली, तिथे दोन घरं मिळाली, आणि एका घरात भिंतीवर आजोबांच्याच नाकाची एक म्हातारी फोटोत बसलेली दिसली.

वारसांत मुली दोन, वहीत तीन. काकांची चूक असेल असं आधी वाटलं. मग गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही काढली, आपल्याकडे जिला कोतवाल बुक म्हणतात ती. मोडी येणाऱ्या एका बाईंना सोबत नेलं. ऑक्टोबर १९१८ ची पानं बाकीच्या पानांसारखी नाहीत. मानमोडीची साथ. इतर महिन्यांत ऐसपैस लिहिणाऱ्याने इथे ओळीला ओळ चिकटवली आहे, कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. पणजोबांचं नाव, पुढे ‘याची मुलगी’, वय २, ताप. तिचं नाव नाही.

आजोबा तेव्हा पाच वर्षांचे असतील. हेळव्याच्या वहीत बहिणी नव्हत्याच. काकांना हा आकडा मिळाला तो आजोबांकडून, समासात तसं लिहिलंही आहे, ‘दादांनी सांगितले’. जमिनीच्या कागदावर दोन बहिणींची नावं लागली-निघाली, तरी म्हातारपणी मुलाला सांगताना त्यांनी तीनच सांगितल्या.

नव्या वंशावळीत आता २४१ माणसं आहेत. पणजोबांखाली पाच चौकटी आहेत. पाचवीत नावाच्या जागी मी ‘मुलगी’ लिहिलं आहे, वय २, मृत्यू ऑक्टोबर १९१८, आणि खाली नोंदवहीच्या पानाचा क्रमांक. फाइलीची एक प्रत घरी ठेवली आहे, एक भावाकडे, आणि छापून काढलेली काकांच्या वहीत घातली आहे.

तुमच्या घरच्या वहीत ‘मुली २’, ‘मुली ४’ असं कुठे लिहिलेलं असेल, तर १९५६ नंतरचे वारसाचे फेरफार आधी काढा. तहसीलमध्ये अर्ज केला की नक्कल मिळते. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर कागदाआधी त्यांच्याकडे जा.