सत्काराला माझा विरोध होता

गुणवंतांच्या सत्काराला मी बरीच वर्षे उघड विरोध केला. सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या डोंगराजवळच्या एका शाळेत मी शिकवतो. बारावीत पहिल्या आलेल्याला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह द्यायचे, पाहुण्यांनी लांबलचक बोलायचे आणि बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नसे. बोर्डाने गुणवत्ता यादी उगीच बंद केली नाही, असे मी बैठकीत म्हणायचो. परीक्षेच्या दिवसांतही पहाटे मोहफुले वेचून पंचावन्न टक्के मिळवणारी पोर मोठी की ब्याऐंशीवाला, हे गुणपत्रिका सांगत नाही. हे मला आजही खरेच वाटते. तरी आता मी सत्काराच्या बाजूने बोलतो.

मन पालटले ते कचारगडाच्या कथेमुळे. माघ पौर्णिमेला धनेगावकडून गुहेकडे माणसांची रांग लागते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड कुटुंबे येतात. डॉ. मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांच्या सोबत्यांनी या यात्रेला आजचे रूप देण्यासाठी खूप कष्ट घेतले. इथली कथा अशी : तेहतीस मुले गुहेत कोंडली गेली होती. तोंडाशी भली मोठी शिळा. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो याने त्यांना सोडवायचे ठरवले. हिरासुका पाटालीरने वाद्य छेडले, त्या सुरांनी आत मुलांच्या अंगात बळ आले, शिळा हलली. पण हिरासुका तिच्याखाली सापडून गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने कोया पुनेमची, म्हणजे गोंड धर्माची, शिकवण दिली.

त्या मुलांत हुशार कोण, हे मी तिथे कुणाच्या तोंडून ऐकले नाही. हिरासुकाचे नाव मात्र दर वर्षी निघते. एकाचा मान केला की बाकीचे लहान होतात, हा माझा मुख्य मुद्दा. इथे तर एकाचे नाव घेताना तेहतीस जणांची सुटका आठवते. मग अडचण सत्कारात नव्हती. आपण कुणाचा आणि कशासाठी करतो, त्यात होती.

त्यानंतर शाळेतल्या एका मुलीचा सत्कार मी लक्ष देऊन पाहिला. तिने ठरल्याप्रमाणे मराठीत आभार मानले. मग माईक न सोडता मायकडे वळली आणि गोंडीत बोलली. दहावीनंतर शिक्षण सोडून गोंदियाच्या राइस मिलमध्ये लागलेल्या मोठ्या भावाबद्दल ती बोलत होती. तिची पुस्तके त्याच्या मजुरीतून आली होती. मागे भिंतीला टेकून बसलेल्या बाया पुढे सरकल्या. शाळेच्या मांडवात त्यांची भाषा माईकवरून मी प्रथमच ऐकत होतो. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे एकोणतीस लाखांवर आहेत. संताळी आणि बोडो २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेल्या, गोंडी अजून बाहेरच आहे. दिल्लीचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो, आपला माईक तर आपल्याच हातात आहे.

त्या मुलीचा बाप मात्र आला नव्हता. कार्यक्रम १५ ऑगस्टला होता आणि बांधीत धानाचा रोवणा सुरू होता. निकालाच्या सुमारास घ्यावा तर माणसे तेंदूपत्त्याला जंगलात. आपण तारीख ठरवतो ती झेंड्याच्या आणि पाहुण्यांच्या सोयीने, आणि नंतर पालकांना आस्था नाही म्हणून कुरकुरतो. याची मला फार चीड येते.

म्हणून यंदा मी मागितले आहे ते एवढे : धान घरात आल्यावर, सत्कार होणाऱ्या मुलीच्या गावात, संध्याकाळी कार्यक्रम घ्यावा. घरात गोंडी असेल तर गोंडीत बोलावे. तिच्यासाठी ज्याने शाळा सोडली, त्यालाही तिच्या शेजारी खुर्ची द्यावी. शाळा सोडणाऱ्याचा मान केला तर पोरांना काय वाटेल, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. त्यांची काळजी खोटी नाही. पण अशा भावाला रात्रशाळेचा किंवा मुक्त विद्यालयाचा अर्ज त्याच मांडवात भरून देता येईल, असे मी त्यांना सांगितले आहे. ते अजून तयार नाहीत. पुढच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा काढणार आहे.