एक इमेज, सगळ्या मशीन

आज क्लासमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नव्याने सिस्टीम टाकली. आमच्या लोधीखेड्यात सरकारी अर्ज हिंदीत आणि घरचं बोलणं मराठीत. म्हणून आधी एका मशीनवर लिनक्स, ऑफिस आणि दोन्ही भाषांचे कीबोर्ड नीट बसवले, मग त्या डिस्कची अख्खी इमेज काढली.

इमेज म्हणजे नुसत्या फाइलींची नक्कल नव्हे. पार्टिशन, बूट होण्याची व्यवस्था, सगळं तिच्यात येतं. ती काढायला वापरलेलं, तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात घडलेलं क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर ओळखीच्या फाइल सिस्टीममधले वापरलेले ब्लॉकच उचलतं, रिकामी जागा सोडून देतं.

खरी कमाल वाटपात आहे. मशीन चालू होताच नेटवर्क कार्ड पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याच्या पद्धतीने, सर्व्हरकडे पत्ता मागतं आणि एक छोटी सिस्टीम रॅममध्ये उतरवून घेतं. पुढे मल्टिकास्ट: सर्व्हर प्रत्येक तुकडा एकदाच पाठवतो, स्विच तो सगळ्यांना पोचवतो. एकेका मशीनला वेगळं पाठवायचं तर 100 एमबीपीएसच्या स्विचवर 20 जीबीला सुमारे 27 मिनिटं, तीही दर मशीनमागे! क्लोनझिलाच्या कर्त्यांनी 5.6 जीबीची इमेज 41 कॉम्प्युटरांवर साधारण 10 मिनिटांत उतरवली आहे. आणि यात इंटरनेट लागतच नाही. छोट्या गावातल्या पोरांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

मशीनांची नावं आणि आयडी मात्र नंतर वेगवेगळे करावे लागतात. ते उद्या सकाळी, पहिली बॅच यायच्या आत.