परसातील मातीची पूर्वपीठिका

पनवेल,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. मोरव्याच्या घरामागचे परसू, जे तुझ्या सासूबाईंच्या आजारपणापासून केवळ कपडे वाळत घालण्यापुरतेच उरले होते, ते साफ करवून तेथे मेथी, माठ, मुळा आणि कुंपणालगत वाल लावण्याचा तुम्हा उभयतांचा संकल्प वाचून मनाला फार समाधान वाटले. भाजी मंडईत पिकत नाही, ती मातीतून उगवते, हे मुलांना डोळ्यांनी दिसावे ही तुझी इच्छा तर मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु पत्राच्या अखेरीस तू जे वाक्य लिहिले आहेस, की माती काळीभोर आहे, पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढते, तेव्हा ती चांगलीच असणार, त्या वाक्यापाशी मी थबकलो. आणि कृषी खात्याच्या चाकरीत उभा जन्म माती हाताळण्यात गेल्यामुळे त्याचे उत्तर सावकाश व तपशीलवार लिहिणे हे माझे कर्तव्य आहे असे समजून हे पत्र लिहीत आहे.

हिरवेगार गवत एवढीच साक्ष देते, की ती माती गवताला मानवते. ती तुझ्या मुलांना मानवेल की नाही, याविषयी त्या गवताला काहीही सांगता येत नाही.

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मुर्धा, राई, मोरवा या गावांतील जुन्या शेतकऱ्यांना मातीची एक पारख वंशपरंपरेने लाभलेली होती, ती म्हणजे खारेपणाची. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून भरती-ओहोटीचा हिशेब सांभाळायचा, पहिल्या पावसांनी जमिनीतील क्षार धुऊन जाईपर्यंत धीर धरायचा आणि मगच खारे पाणी सोसणारे भात लावायचे, हा त्यांचा क्रम होता. शेजारीच मिठागरे असल्यामुळे मीठ कोठे हवे आणि कोठे नको, याचे ज्ञान त्यांच्या हाडीमासी खिळले होते. ढेकूळ जिभेला लावून किंवा उन्हाळ्यात जमिनीवर उमटणारा पांढरा पापुद्रा पाहून ते शेताची परीक्षा करीत आणि ती परीक्षा बहुधा खरी ठरे. आमच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे शास्त्रीय रीतीने खारपड जमिनीसाठी भाताचे वाण निर्माण केले, त्याचाही पाया हाच अनुभव होय.

पण या पारखेचे सामर्थ्य ज्यात आहे त्यातच तिची मर्यादाही आहे. मीठ हा उघड शत्रू आहे: बी रुजत नाही, पानांच्या कडा करपतात, रोप खुरटते, आणि माणसाच्या पोटात विकार शिरण्यापूर्वी पीकच नाहीसे होते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांची रीत याच्या अगदी उलट आहे. शिशाला चव नाही, वास नाही. ते मातीत असताना माठाचे रोप टवटवीत वाढू शकते. म्हणून वडीलधाऱ्यांच्या जिभेवर आणि डोळ्यांवर आपण जो विश्वास ठेवीत आलो, तो खाऱ्या जमिनीच्या बाबतीत अद्याप सार्थ असला, तरी या नव्या दोषांच्या बाबतीत मुळीच पुरेसा नाही. जमीन गेल्या साठ-सत्तर वर्षांत कशातून गेली, हे प्रथम विचारावे लागते. प्रयोगशाळेचे काम त्यानंतरचे.

तेव्हा आधी चौकशी कर. मोरव्यातील जुन्या मंडळींपैकी जे कोणी अद्याप आहेत, त्यांच्याकडे जाऊन परसाची कैफियत शांतपणे ऐकून घे. ही जागा मूळची उंचवट्याची की खाजणात भराव घालून वर आणलेली, हा पहिला प्रश्न. आणि भराव असेल तर तो डोंगरच्या मुरुमाचा की पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्याचा, हा त्याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न. १९८५ साली तुमच्या भाईंदरला नगरपरिषद आली व २००२ साली तिची महानगरपालिका झाली, त्या अवधीत आणि त्यानंतर या भागात जी बांधकामे उठली, त्यांच्यामुळे मातीचे ट्रक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी किती फिरले, याचा दाखला कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. तो लोकांच्या आठवणीतच सापडेल. मेट्रोची कारशेड मुर्धा-राई-मोरवा येथे व्हावी की डोंगरी येथे, यावर गावकऱ्यांनी केवढा वाद घातला, हे तू स्वतः पाहिलेच आहेस. असली कामे कोठेही होवोत, खणलेली माती कोठे तरी पडणारच, आणि अशी फुकट मिळणारी माती कुणी परसात टाकून देऊ लागला, तर तिचा उगम विचारल्याशिवाय ती स्वीकारू नकोस.

परसाच्या आसपास कोणते उद्योग झाले, याचीही विचारपूस कर. भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध गाव. त्या धंद्यात पत्रा आम्लात धुतला जातो आणि त्या धुणात क्रोमियम व निकेल उतरतात, म्हणून घरालगत पूर्वी एखादा भांडी घासण्या-चकाकवण्याचा गाळा, बॅटऱ्यांची दुरुस्ती, गॅरेज, किंवा तांब्यासाठी वायरी जाळण्याचा उद्योग होता काय, हे समजले पाहिजे. घराच्या जुन्या दारे-खिडक्यांचा रंग कोणी खरवडला होता काय, तेही विचार. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला व पुढील वर्षाच्या अखेरीस अंमलात आला. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे भिंतीच्या पायथ्याशी पडले असतील, तर ते अद्याप तेथेच आहेत असे धरून चालावे. त्याचप्रमाणे शिसेयुक्त पेट्रोल देशभर २००० साली बंद झाले, पण रस्त्याच्या कडेला आधीच्या पन्नास वर्षांत बसलेले शिसे पेट्रोलबरोबर निघून गेले नाही. शिसे कुजत नाही, उडून जात नाही. पाऊस ते फारसे खाली नेत नाही. ते वरच्या वितीभर मातीतच राहते, आणि मुले खेळतात, आपण वाफे करतो, तीही तीच वितीभर माती.

धावगीच्या डोंगरावर शहराचा जो कचरा साचत आला, त्याच्या गळतीचे पाणी पायथ्याच्या शेतांत व विहिरींत उतरते, ही उत्तनच्या लोकांची तक्रार जुनी आहे. तुझ्या परसाशी त्याचा संबंध आहे की नाही हे मी पनवेलीत बसून सांगू शकत नाही; पण वाफ्यांना विहिरीचे पाणी देणार असशील, तर मातीइतकीच पाण्याची तपासणी आवश्यक आहे, कारण वरून रोज घातले जाणारे पाणी मातीचा गुणधर्म हळूहळू बदलून टाकते.

सरकारी दफ्तराचाही उपयोग होतो, मात्र तो वाचता आला पाहिजे. गावठाणातील घराला मिळकतपत्रिका असते, तिच्यात पिकांची नोंद नसते. पण परसाचा मागील भाग जुन्या सर्व्हे नंबरात मोडत असेल, तर तलाठी कार्यालयातून गाव नमुना सात-बाराच्या जुन्या नकला आणि फेरफार मागवून घे. बाराच्या पिकपाहणीत वर्षानुवर्षे भात लिहिलेले आढळले आणि मग एकाएकी पडीक अशी नोंद सुरू झाली, किंवा बिगरशेती परवान्याचा फेरफार दिसला, तर त्या वर्षी तेथे काय झाले, हा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे ठेवण्यास आधार मिळतो. असे प्रश्न ऐकून कोणी हसले तरी तू खचू नकोस. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर प्रयोग परिवारातील शेतकऱ्यांना हेच शिकवीत, की स्वतःच्या मातीचा अभ्यास स्वतः करावा, दुसऱ्याच्या मातीवरचे निष्कर्ष उसने आणू नयेत.

आता प्रयोगशाळेविषयी. २०१५ सालापासून सरकार शेतकऱ्यांना जी मृदा आरोग्य पत्रिका देते, तिच्यात बारा गोष्टी तपासलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन, आणि सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब. ही पत्रिका अवश्य घे. वाहकतेवरून खारेपणा आणि सामूवरून आम्लता समजेल. परंतु शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा यांपैकी एकाचीही त्या बारांत गणना नाही. ती पत्रिका पिकाची भूक सांगते, खाणाऱ्याचा धोका सांगत नाही. तो जाणण्यासाठी मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत जड धातूंची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते.

नमुना घेण्याच्या रीतीकडे विशेष लक्ष दे, कारण तेथे चूक झाली तर पुढील सारा खर्च वाया जातो. शेतीच्या नमुन्यासाठी आम्ही सांगतो, की शेतात नागमोडी चालत अनेक ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे करावेत, त्यांच्या कडांची माती एकत्र करून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करीत जावे. सुपीकतेसाठी ही सरासरी योग्य आहे. विषाचा शोध मात्र सरासरीने लागत नाही. ते ठिपक्याठिपक्यांनी बसलेले असते, आणि भिंतीपाशी साचलेले शिसे बाकीच्या स्वच्छ मातीत मिसळले की अहवालात निर्दोषाच्या वेषात प्रकट होते. म्हणून भिंतीचा पायथा, रस्त्याकडील कड, जेथे केर जाळीत असत ती जागा, आणि तुझे योजलेले वाफे, यांचे नमुने निरनिराळे घे व निरनिराळ्या पिशव्यांत ठेव. गंजलेले फावडे वापरू नकोस. लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुरपी चालेल, आणि प्रत्येक जागेनंतर ती पुसून घे. माती सावलीत वाळव. यांखेरीज डोंगरीकडच्या एखाद्या न हललेल्या, न भरलेल्या जागेचा एक नमुना घे. कारण दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल व तांबे निसर्गतःच जास्त असू शकतात, आणि जवळच्या निर्दोष मातीशी तुलना केल्यावाचून परदेशी मर्यादांवरून घाबरून जाणे योग्य ठरणार नाही.

मर्यादेचे म्हणशील, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी मातीतील शिशाची चौकशी करण्याजोगी पातळी प्रतिकिलो ४०० मिलिग्रॅमवरून २०२४ साली २०० वर आणली. ज्ञान वाढत गेले तशी सहनशीलता कमी झाली. आपल्याकडे दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने २०२५ साली काढले, परंतु त्यांचा रोख मोठ्या स्थळांवर आहे, परसांवर नाही. कंपोस्ट विकत घेणार असशील तर मात्र आधार आहे: खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात शिसे प्रतिकिलो १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ आणि आर्सेनिक १० याहून अधिक नसावे. पिशवीवर उत्पादकाचे नाव व विश्लेषण नसेल तर ती घेऊ नकोस. राब भाजण्याची आपली जुनी चाल माहीत असल्यामुळे राखेविषयी सर्वांना ममत्व असते. पण ती राख पालापाचोळ्याची व गोवरीची होती. रंगवलेल्या फळ्या आणि प्लॅस्टिक जाळलेली राख वाफ्यात मुळीच घालू नये.

मोरव्यासारख्या खाडीकाठच्या जमिनीला एक गोष्ट विशेष लागू पडते. माती खारी असली की तिच्यातील क्लोराइड कॅडमियमला बांधून विरघळते करते आणि रोपाची मुळे ते अधिक प्रमाणात शोषतात. म्हणजे मिठाचा जुना दोष नव्या दोषाला हात देतो. आणि कॅडमियम ही भातखाऊ लोकांनी लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भाताने माणसांची हाडे ठिसूळ झाली. वरच्या खाणीतील कॅडमियम हे त्याचे कारण असल्याचे सरकारने १९६८ साली मान्य केले, आणि तेथील खाचरांची माती बदलण्याचे काम १९७९ साली सुरू होऊन २०१२ साली पूर्ण झाले. खाण एका जागी होती, भोगणारे नदीकाठी होते, आणि शेतातले भात पिवळे पडून कोणाला सूचना देत नव्हते.

मुलांविषयी एक शब्द अधिक लिहितो, कारण मला खरी काळजी त्यांचीच आहे. शिशाचा बराचसा भाग मुळांवाटे नव्हे, तर पानांना चिकटलेल्या धुळीतून व मातीने भरलेल्या बोटांतून पोटात जातो; आणि गिळलेल्या शिशापैकी लहान मूल जेवढे शोषते ते प्रौढाच्या चार-पाच पट असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अहवाल येईपर्यंत मोकळी माती पालापाचोळ्याने झाकून ठेव आणि परसातून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय त्यांना काही खाऊ देऊ नकोस. दोष मध्यम निघाला तर पालेभाज्या व मुळा-बीट सोडून दुधी, पडवळ, भेंडी, वांगी, मिरची अशी फळभाजी घ्यावी, कारण फळांत धातू त्या मानाने कमी उतरतात. सामू आम्लाकडे झुकलेला असेल तर चुना व भरपूर सेंद्रिय खत यांनी धातू जमिनीतच बांधून ठेवता येतात. दोष मोठा निघाला तर जमिनीवर जाड जिओटेक्स्टाइल अंथरून त्यावर हातभर उंचीचे विटांचे वाफे बांध आणि त्यांत उगम माहीत असलेली माती भर. संकल्प सोडण्याचे काही कारण नाही.

वालासाठी अजून वेळ गेलेली नाही. या हंगामापुरता तो कुंडीत किंवा स्वच्छ पिंपात लाव, पण पूर्वी रंग किंवा रसायन ठेवलेले पिंप नको. नमुन्यांच्या पिशव्यांवर जागा, खोली आणि तारीख ठसठशीत लिहून त्यांची यादी मला पाठव. कोणत्या धातूंची तपासणी मागायची, हे त्या यादीवरून मी परतटपाली कळवीन. जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा